लहानग्यांचे घरचे शिक्षण



या महिन्याचा पाठ तीन ते सहा वर्षांच्या मुलांसंबंधी आहे. पुष्कळांना वाटेल, एवढ्याशा पोराचा कसला पाठ? ते खाते, खेळते, रडते, झोपते. मलाही तसेच वाटत होते. मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, त्यातली बहुतेक चौथीच्या वर्गावर. तेव्हा मुलांच्या बाबतीत आपल्याला कोणी काही सांगावे असे आता उरलेले नाही, अशी माझी समजूत होती. ती माझ्या नातवाने उतरवली. ती हकीकत आधी सांगतो, मग पाठाकडे वळू.

नातवाला इथे बाळू म्हणू. साडेतीन वर्षांचा असताना त्याला तालुक्याच्या गावी एका नर्सरीत घातला. सकाळी पिवळी गाडी दारात येई आणि दुपारी आणून सोडी. घरचा अभ्यास रोज तीन पाने : एक पान 'अ', एक पान 'आ' आणि एक पान उभ्या-आडव्या रेघा. सूनबाई शेतावर, मुलगा दूध संकलनाच्या कामावर, म्हणून अभ्यास करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी संध्याकाळी त्याला मांडीवर घेई, त्याची मूठ माझ्या मुठीत धरी आणि पाने भरवी. रेघ वाकडी गेली की खोडायची, पुन्हा काढायची. पोर मुसमुसू लागले की मी म्हणे, "रडून का विद्या येते?" वही मात्र देखणी भरत चालली. बाई वहीत लाल चांदणी देत, आणि खरे सांगायचे तर त्या चांदणीचा आनंद बाळूपेक्षा मलाच अधिक होई.

दोन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. गाडीचा हॉर्न वाजला की बाळूच्या पोटात दुखू लागे. दिवसभर चिवचिव करणारे पोर गप्प गप्प राहू लागले. आणि तिसरी गोष्ट मला लागली. आमच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. बाळू माझ्या शेजारी बसून छोटे टाळ वाजवी. एके दिवशी त्याने टाळ घेतलेच नाहीत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. "का रे?" म्हणून विचारले, तर हळूच म्हणाला, "आबा, हात संपला."

मला ते सोंग वाटले आणि मी दोन शब्द रागानेच बोललो. आमच्या गावच्या अंगणवाडीताई बायकांत बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकले. हरिपाठ आटोपल्यावर पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, "गुरुजी, लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्ही जन्मभर चौथीचे हात बघितलेत. हा साडेतीन वर्षांचा हात आहे."

मी घरी आलो तो जरा तणतणतच. पण रात्री झोप येईना. पोराचा हात हातात घेऊन पाहिला. इतके दिवस तो मी धरीत होतो, पण पाहिला नव्हता.

त्या ताईंनी जे सांगितले ते मी पुढे पुस्तकांतून पडताळून घेतले. आपल्या मनगटात आठ लहान लहान हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा ती हाडे झालेलीच नसतात, त्या जागी मऊ कूर्चा असते. पुढे एकेक करून ती घट्ट होत जातात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांतली दोन-तीनच तयार असतात, आणि सगळी पुरी व्हायला आठ ते बारा वर्षांचे वय उजाडते. शिवाय मुलाची शक्ती वरून खाली उतरते. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी बोटे. म्हणून दोन वर्षांचे पोर कोळशाने भिंतीवर ओढते ते अख्ख्या हाताने ओढते. पेन्सिल ते मुठीत धरते. तीन बोटांत नीट धरणे चार-पाच वर्षांच्या सुमारास हळूहळू जमू लागते, कोणाला आधी, कोणाला नंतर. ज्या मनगटाची हाडे अजून जमायची आहेत त्याच्याकडून मी एका ओळीत दहा 'अ' मागत होतो. बैलाला वेसण घालण्याआधी त्याचे वय बघणारे आपण शेतकरी लोक. पोराचे वय बघायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेलो आणि विचारले, "मग शिकवू तरी काय?" त्या म्हणाल्या, "आठ दिवस काही शिकवू नका. नुसतं बघा, तो आपण होऊन काय करतो ते."

मास्तराला काही न शिकवता आठ दिवस बसणे किती अवघड, हे मास्तरालाच ठाऊक! पण बसलो. पहिल्या दिवशी बाळू न्हाणीपाशी तांब्या आणि लोटी घेऊन बसला. तांब्यातले पाणी लोटीत, लोटीतले तांब्यात. मी मोजू लागलो. तीस वेळांपुढे मोजणे सोडले. आरंभी अर्धे पाणी खाली सांडे. मग त्याने लोटी खाली टेकवली, डाव्या हाताने धरली, तांब्याची कड लोटीच्या काठाला लावली, आणि जीभ दातांत धरून हळूहळू ओतू लागला. सांडणे कमी झाले. कोणी सांगितले नव्हते, कोणी दटावले नव्हते. जे मनगट वहीपुढे पाच मिनिटांत संपत होते, ते इथे पाऊण तास संपले नाही. सूनबाई ओरडली, "पाणी वाया घालवतोय!" मी म्हटले, "घालवू दे. ते तुळशीला जाईल."

दुसऱ्या दिवशी त्याने आजीजवळ बसून शेंगा फोडल्या. तिसऱ्या दिवशी कणकेचा गोळा मागितला आणि त्याचे साप, लाडू, दिवे केले. साप वळताना दोन्ही तळवे चालतात, दिव्याची चोच काढताना आंगठा आणि पहिली दोन बोटे चालतात. ही चिमूट म्हणजेच उद्या पेन्सिल धरायची तीन बोटे! मी थक्क झालो. माझ्या घरात सबंध शाळा मांडलेली होती, आणि मी पोराला तिच्यातून उचलून वहीपुढे बसवीत होतो.

ही दृष्टी काही ताईंची एकटीची नव्हे, तिला मोठी परंपरा आहे. इटलीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी 1907 साली रोम शहराच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले. मुलांना उपदेश करण्याऐवजी त्यांनी त्यांच्या हाती वस्तू दिल्या आणि निरीक्षण केले. पुढे 1939 मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या. त्यांचे विचार त्यांच्या आधीच इकडे पोहोचले होते. वकिली सोडून मुलांत रमलेले गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर उघडले. त्यांच्या कार्यात आपल्या महाराष्ट्राच्या ताराबाई मोडक सामील झाल्या. ताराबाईंना दिसले की, माँटेसरीबाईंची साधने महाग आहेत आणि खेड्यातल्या, त्यातही आदिवासी पाड्यावरच्या पोराला ती परकी वाटतात. 1945 साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला (आता तो भाग पालघर जिल्ह्यात गेला) ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या. त्या आल्या आणि जन्मभर तिथल्याच झाल्या. शिंपले, बिया, खडे, पाने, माती ही त्यांची साधने. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचे मूळ तिथे आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तोच शब्द गावोगाव झाला. गावातल्या अंगणवाडीला "खिचडीची शाळा" म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच होतो. आपण काय टाकून पिवळ्या गाडीमागे धावतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता घरी काय करावे ते सांगतो.

हाताच्या कामांचे वर आलेच. त्यात आणखी भर : मुगात मिसळलेले राजमे निवडून वेगळे करणे, भाजीची पाने खुडणे, बटणे लावणे, रुमालाच्या घड्या, तुळशीला पाणी, झेंडूच्या फुलांची जाड दोऱ्यात माळ. टोकाची सुई देऊ नये. दोऱ्याचे टोक मेणाने ताठ करून द्यावे आणि फुलाला भोक आपण पाडून द्यावे. एक इशारा मात्र कानाशी बांधून ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मणी, चिंचोके ही लहान मुलांच्या नाकात किंवा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तीन वर्षांखालील पोर जवळ असेल तर ही कामे काढूच नयेत, आणि मोठ्यालाही एकट्याला बसवून उठून जाऊ नये. पाण्याच्या बादलीचेही तसेच. काम मुलाचे, डोळा आपला.

काम देताना घाईने हातातले हिसकावून घेऊ नये. "दे इकडं, तुला येत नाही" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलतो ते एकदा मोजले आणि खजील झालो. कुडत्याचे बटण लावायला बाळूला चार मिनिटे लागत. ती चार मिनिटे धरूनच आंघोळ आधी उरकावी.

दुसरे बोलण्याचे. मुलाचे पुढचे सगळे वाचन या बोलण्यावर उभे असते, म्हणून घरात जी बोली असेल तिच्यात मुलाशी भरपूर बोलावे. "हे काय? ते काय?" अशी परीक्षा न घेता आपण जे करतो आहोत ते सांगत जावे. "बघ, आता तव्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. म्हणजे तवा तापला." रात्री गोष्ट सांगावी आणि मधेच थांबून विचारावे, "मग तुला काय वाटतं, ससा कुठं गेला असेल?" त्याचे उत्तर चुकीचे असले तरी पुरे ऐकावे. तीच गोष्ट पोर पंधरा रात्री मागते, तर पंधरा रात्री सांगावी. आपण तोच अभंग आयुष्यभर म्हणतो, कंटाळतो का? मग पोरालाच का दटावावे?

आणि जेवताना हातात मोबाइल देण्याची जी चाल पडली आहे, तिच्याने पोराचा घास उतरतो पण शब्द बंद होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यापुढे बसू नये आणि त्याहून कमी असेल तर अधिक बरे. आमच्याकडे हा नियम आजीने मोडला आणि आजीनेच पुन्हा बसवला, त्याची कथा वेगळी आहे.

अक्षरे केव्हा, हा प्रश्न सगळे विचारतात. अक्षराच्या आधी आवाज. "प नं सुरू होणारं घरातलं काय काय?" "पाणी, पणती, पाटा, पोळी, पांडुरंग!" हा खेळ जात्यावर, गोठ्यात, एस.टी.त कुठेही होतो. आवाज कानाने सुटा ओळखता आला की मग त्याचे चित्र, म्हणजे अक्षर, डोळ्याला दाखवावे. ते कागदावर काढायची घाई नको. परातीत बारीक वाळू किंवा पीठ पसरून त्यात बोटाने मोठे अक्षर गिरवावे आणि तोंडाने आवाज करावा. यात नवे काही नाही. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीच होती. धुळाक्षरे हा शब्द तिथूनच आला. माँटेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे केली, तीही बोटाने गिरवण्यासाठीच. मधल्या काळात आपण धूळपाटी टाकली आणि ओळींची वही धरली, तीही तीन वर्षांच्या पोरापुढे.

अंकांची गंमत अशी झाली. बाळूला पन्नासपर्यंत आकडे घडाघडा येत. पाहुण्यांपुढे मी ते म्हणवून घेत असे. ताईंनी सांगितले, "त्याला पाच चमचे आणायला सांगा." सांगितले. पोराने मूठभर चमचे आणून ओतले! आकडे तोंडात होते, मोजणी हातात नव्हती. मग आजीने रोज जेवणाआधी त्याला पाने मांडायला लावले. आबाला एक पान, आजीला एक पान, बाबाला एक, आईला एक, बाळूला एक. प्रत्येक पानाला एक वाटी. एक वाटी उरली तर का उरली? पाहुणा आला तर आणखी किती? महिनाभरात त्याला पाचपर्यंत पक्के कळले. पन्नास विसरला तरी मला दुःख झाले नाही. लहान-मोठे, जड-हलके, भरलेले-रिकामे, आधी-नंतर हे सारे गणितच आहे, आणि ते शेर-मापट्यात, डब्यांच्या झाकणांत, भाकरीच्या चतकोरात भरून राहिले आहे.

आपल्या वारकरी घरात एक साधन असे आहे की ते बाजारात विकत मिळायचे नाही : टाळ आणि पावली. टाळाबरोबर पाऊल टाकायचे, टाळ थांबला की जिथल्या तिथे थांबायचे. हा खेळ मी बाळूशी खेळू लागलो. पळणाऱ्या पोराला थांबता येणे, हे पुढे वर्गात बसण्यापेक्षा मोठे शिक्षण आहे. आधी हळू चाल, मग द्रुत, मग पुन्हा हळू. टाळ बंद झाल्यावर एक पाय वर राहिला तर तो तसाच धरून बाळू खदखदा हसे. तिसऱ्या आठवड्यात तो देवळात आपण होऊन टाळ मागू लागला.

नर्सरीतल्या बाईंकडे मी गेलो होतो. भांडायच्या बेताने गेलो, पण बाई शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, मलाही हे पटत नाही. पण वही कोरी गेली की दुसऱ्या दिवशी पालक विचारतात, फी कशाची घेता?" मी गप्प झालो, कारण चांदणीवर भाळणारा मीच होतो. शेवटी असे ठरले की बाळूची वही घरी येणार नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे, खेळातून शिकण्यावर त्यात भर आहे, आणि पहिलीचे वय सहा धरले आहे. पालकांनी हे शाळेत जाऊन सौम्यपणे सांगावे. चारजण मिळून गेले तर अधिक चांगले ऐकले जाते, हा माझा मास्तर म्हणून अनुभव.

वारीला लहान मूल बरोबर नेणाऱ्यांसाठी एक पाठ राहिला, तो वर्षभर आधी सुरू करावा. मुलाला आपले पूर्ण नाव, आईचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि आपली दिंडी रथापुढची की रथामागची व तिचा क्रमांक, हे सांगता आले पाहिजे. खिशात चिठ्ठी असावीच, पण चिठ्ठी भिजते, पडते. आम्ही हे टाळावर बसवले. एका ठेक्याला नाव, दुसऱ्याला गाव. आणि हरवल्यास पळायचे नाही, जिथे आहोत तिथेच उभे राहायचे, हे त्या थांबण्याच्या खेळातून.

बाळू पाच वर्षांचा झाला तेव्हा आम्ही त्याला माउलींच्या पालखीबरोबर लोणंदहून पुढे घेऊन गेलो. नातेपुत्याच्या मुक्कामी संध्याकाळी तंबू ठोकण्याच्या गडबडीत सूनबाईला वाटले तो माझ्याजवळ आहे, मला वाटले तो तिच्याजवळ. अर्ध्या तासाने ध्यानात आले. ते सगळे लिहायला नको, ज्याच्यावर आली असेल त्याला माहीत आहे. लाखांची गर्दी, अंधार पडत चाललेला, सूनबाईला रडण्याचेही भान नाही. मी देवाचे नाव घ्यायचे सोडून आपल्या म्हातारपणाला शिव्या देत धावत होतो.

एक अनोळखी बाई त्याला कडेवर घेऊन आमच्या तंबूचा क्रमांक विचारत आली. पोर पाण्याच्या टँकरपाशी सापडले. टँकरच्या तोटीखाली घागरी कशा भरतात ते बघत तिथेच उभे राहिले होते. बाईने विचारले तेव्हा त्याने हातावर हात मारीत नाव, गाव, तालुका, रथामागे, क्रमांक, सगळे ओळीने सांगितले, आणि मधे चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितले. बाई म्हणाली, "रडला नाही. घागर काठोकाठ भरली की बाजूला घ्या म्हणून बायांना सांगत होता."

आता तो पहिलीत आहे. पेन्सिल तीन बोटांत धरतो. 'ख' अजून र आणि व असा सुटा काढतो, आणि खोडायला मी सांगत नाही.